न आलेल्या स्टेशनवरच्या पिचकाऱ्या

मंडळी, डोकं फिरलंय माझं.

आमच्या उंद्रीत रेल्वे नाही. म्हणून मी घरीच पुठ्ठ्याचं उंद्री स्टेशन बनवलं, बुटाच्या खोक्याएवढं. उभं करणं सोपं होतं, खरं दिसणं कठीण. पंधरा दिवस बारीक ब्रशनं पत्र्यावर गंज, भिंतीला ओल अन् कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या रंगवल्या.

आज सकाळी मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, बघायला आले. वाकून म्हणाले, "इथं थुकलं कोनं?"

"मीच रंगवलं. खरं दिसाले पाह्यजे न."

मी चहा आणायला वळलो, तेवढ्यात त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक थुंकीनं ओलं करून अर्धी भिंत पुसून टाकली!

मी ओरडलोच, "मोठे बाबा, पंधरा दिवसाची मेहनत होती हो!"

तेही भडकले. "रेल्वे येनार, येनार, आयकून मी म्हातारा झालो. टेसन अजून आलं नाही, अन् तू आतापासूनच जुनं करून राह्यला? मले एकडाव नवं तं पाहू दे बे!"

आता अर्धी भिंत कोरी आहे, अर्धी घाण. तासभर ब्रश हातात घेऊन बसलोय. सांगा, कोणती अर्धी दुरुस्त करू?