खांदशेकणी

मोठ्या सिस्टर माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी पाय. ड्यूटीवर येणारी मुलगी वॉर्डच्या दारात दिसली की त्यांची नजर तिच्या बुटांपासून वर चढत यायची, आणि घोट्यावर मोज्याचा वळ किती खोल रुतलाय ते पाहूनच त्या ठरवायच्या, आज हिला कोणतं काम द्यायचं आणि कोणतं नाही. "चेहऱ्याला खोटं बोलायची सवय असते," त्या म्हणायच्या. "पाय बिचारे भोळे. विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकतात."

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात त्या आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपुरतं. डॉक्टरांपासून सफाईच्या मावशींपर्यंत सगळे त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणायचे. नारायण पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, आणि बोलणं पेठेतलंच, कोरडं आणि मोजकं. मी विदर्भातल्या वणीहून आलेली, धायरीत आणखी तिघींबरोबर खोली करून राहणारी. पहिले काही महिने मला त्यांची भीतीच वाटायची.

त्या वर्षी कितीतरी सिस्टर्स नोकरी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. उरलेल्यांनी एक ड्यूटी संपवून दुसरी सुरू करायची, हे नेहमीचंच झालं. एका सकाळी माझ्या वॉर्डात एक आजोबा गेले. त्यांचा मुलगा माझा हात धरून विचारत होता, "सिस्टर, बाबा खरंच गेले का हो?" आणि माझ्या मनात एवढंच आलं की आता हा पलंग रिकामा करून चादर बदलावी लागेल. दुःख नाही, दया नाही, काहीच नाही. मी हात सोडवून घेतला आणि चादर आणायला गेले.

मोठ्या सिस्टर मागोमाग आल्या. "काय होतंय तुला?"

"मला काही नाही होत जी."

"तेच म्हणतेय मी. तुला काहीच होत नाहीये. चल, पर्स घे."

त्यांनी मला आजारी रजेवर टाकलं आणि रिक्षात घालून स्वतःच्या घरी नेलं. आधी फोन काढून घेतला. तो बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसला आणि म्हणाल्या, "राहू दे तिथे. दोघांनाही कीड लागणार नाही." मग खिडकीला जाड चादर लावली. मी झोपले ती किती झोपले, मला ठाऊक नाही. उठले की मुगाची मऊ खिचडी, वर तुपाची धार, आणि ती वेळच्या वेळी. भूक आहे का हा प्रश्नच नाही. कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवायचे, मग त्या काशाच्या वाटीने तळपायाला तूप घासायच्या. सकाळचं कोवळं ऊन गच्चीत बसून अंगावर घ्यायचं, तेही मुकाट्याने. थोडं बळ आल्यावर नदीकाठापर्यंत चालणं. उपदेश एका शब्दाचा नाही.

असेच एकदा गच्चीत बसलो असताना मला एकाएकी ते आजोबा आठवले आणि मी हमसून हमसून रडायला लागले. मोठ्या सिस्टरांनी पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही. ऊन सरकलं तशी माझी चटई थोडी सरकवली आणि म्हणाल्या, "आलीस परत. रड आता निवांत."

मी कामावर गेले आणि ही गोष्ट पसरली. मग एकेक मुलगी त्यांच्याकडे जाऊ लागली. कोणी विचारायची, "सिस्टर, तूप कोणतं वापरता?" त्या म्हणायच्या, "कोणतंही. घासणाऱ्याला घाई नको, एवढंच." पण त्या भाबड्या नव्हत्या. एका मुलीने जगणं नकोसं झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि तिला हाताला धरून मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं. "याला तूप नाही, डॉक्टर लागतात," त्यांनी बजावलं. हळदीच्या दुधाचे निरोप फोनवर पाठवणाऱ्यांची त्या थट्टा करायच्या. "प्या खुशाल. दूध पिऊन ड्यूटीचा तक्ता बदलत नाही."

हे सगळं त्या कुठे शिकल्या, तेही एकदा सांगितलं. तरुणपणी औषधांच्या कपाटासमोर उभ्या असताना, आपण काय घ्यायला आलोय तेच त्यांना आठवेना. एका आत्याने तेव्हा त्यांना असंच घरी ठेवून घेतलं होतं. मी विचारलं, "आणि आता? तुम्ही कधी झोपता दुपारी?"

"मास्तर कधी गृहपाठ करतो का?" त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

व्यवस्थापनाच्या कानावर हे गेलं तेव्हा आम्हाला आनंदच झाला. तळमजल्यावरच्या एका खोलीत धबधब्याचं मोठं चित्र लावलं, पाय बुडवायला टब आणले आणि दारावर मोठ्या सिस्टरांच्या फोटोचा फलक आला. वॉर्ड सांभाळून ही खोलीही त्यांनीच सांभाळायची. मुलींनी एक ड्यूटी संपली की तिथे थोडा वेळ पाय बुडवायचे आणि दुसरी ड्यूटी सुरू करायची.

मोठ्या सिस्टर मला सोबत घेऊन व्यवस्थापकांकडे गेल्या. गृहस्थ तरुण, अतिशय गोड बोलणारे.

"साहेब, मला खोली नको. दोन सिस्टर्स द्या."

"मॅडम, तुमच्या उपायांचा रिझल्ट इतका सुंदर आहे. मुली लगेच फ्रेश होतात. मग एक्स्ट्रा स्टाफची गरजच काय?"

सिस्टर खुर्ची मागे सारून उठल्या आणि वॉर्डाकडे चालू लागल्या.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी पोळा होता. त्यांचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून मी आमच्याकडची खांदशेकणी सांगत बसले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाला धुऊन, जुवाने सोललेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, शेकतात. मग त्याच्या कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

"आणि दुसऱ्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी पोळा. पुरणपोळी, झूल, मिरवणूक. कामाला हात नाही लावू देत."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी काय जी, पुन्हा जू."

त्यांनी काशाची वाटी उचलून फडताळात ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तेच करतेय. तुम्हाला बरं नाही करत. परत जुंपायच्या लायकीचं करते."

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत एक मुलगी आली. मोठ्या सिस्टरांनी तिचे पाय पाहिले, टबातलं पाणी ओतून टाकलं आणि तिला सांगितलं, "घरी जा. आणि जमलं तर दुसरी नोकरी बघ." त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी हेच सांगितलं. सेवानिवृत्तीनंतर त्यांना दरवर्षी मुदतवाढ मिळत असे. त्या वर्षी मिळाली नाही. निरोपाला शाल दिली आणि पाय दाबायचं यंत्र. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "विजेवर चालतं," त्या म्हणाल्या. "छान. म्हणजे दमणार नाही."

त्या पुण्याजवळच्या मांजरी गावी भावाकडे राहायला गेल्या. मीही दुसऱ्या रुग्णालयात लागले होते. भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीशी बसलेल्या, समोर उरलासुरला ऊस आणि त्यामागे नव्या इमारती. पहाटे ड्यूटीच्या वेळेला जाग येते, अंघोळ करून, वेणी घालून तयार होते, असं त्यांनी सांगितलं. दुपारी पडलं तरी डोळा लागत नाही. "विश्रांती येत नाही गं मला," त्या म्हणाल्या. "इतक्या जणींना शिकवली, पण मला जमत नाही." मी काहीबाही बोलत राहिले. थोड्याच महिन्यांत त्या गेल्या.

जुन्या रुग्णालयात शोकसभा झाली, भर दुपारी, ड्यूटीच्या वेळेत. व्यवस्थापक हळव्या आवाजात बोलले. म्हणाले, "मोठ्या सिस्टर म्हणजे समर्पण. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी म्हणून कधी रजा मागितली नाही." लोकांनी माना डोलावल्या. लोक म्हणजे कार्यालयातले कर्मचारी आणि दोन डॉक्टर. मी सिस्टरांच्या भावाशेजारी बसले होते. म्हातारे गृहस्थ. ते सारखे वळून दाराकडे बघत होते.

"तिच्या हाताखालच्या मुली कुठे दिसत नाहीत," त्यांनी हळूच विचारलं.

"ड्यूटीवर आहेत, काका."

"सगळ्याच?"

"सगळ्याच," मी म्हटलं. "त्यांच्या जागी उभं राहायला कोणी नाहीये."