आखडलेला खांदा

आमच्या ह्यांचा उजवा खांदा आखडला तो माझ्यामुळे. आता सांगायला हरकत नाही.

सोलापुरात आमचं घर मागावर चालायचं. हे खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत, वरून लोंबणारी दोरी उजव्या हाताने ओढून आडव्या सुताचा धोटा पळवत, आणि मी शेजारी चरख्यावर त्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत असे. एकदा सुताचं ओझं उचलताना ह्यांच्या खांद्यात कळ आली. आम्हा विणकरांची खोड अशी, की धागा तुटला की माग थांबवायचा, घट्ट गाठ मारायची आणि मग त्या जागेला बोट लावायचं नाही. मी खांद्यालाही तोच न्याय लावला. आंबेहळदीचा लेप दिला आणि आमच्याच मागावरच्या कापडाची पट्टी काढून हात छातीशी असा आवळला, की ह्यांना कूस बदलता येईना. अंघोळीपुरती पट्टी सोडायची, की पुन्हा बांधायची. शेजारणींनी कौतुक केलं आणि मी बाई फुशारले.

दीड महिन्याने पट्टी काढली, तर हात खांद्याच्या वर जाईना. दोरीपर्यंत बोटं पोचेनात. सदरा घालायलासुद्धा मी लागायची. माग बंद पडला. एक दिवस हे गिरणीतल्या पहारेकऱ्याच्या जागेची चौकशी करून आले. लहानपणापासून मागावर बसलेला माणूस आता दारात काठी घेऊन बसणार!

मग मी ह्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात वर, मागे, बाजूला फिरवून पाहिला. हाड शाबूत होतं. सांध्याभोवतीचं आवरण न हलवल्यामुळे घट्ट झालंय, असं ते म्हणाले आणि त्यांनी विचारलं, "इतके दिवस हात बांधून कोणी ठेवला?"

मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "मीच."

डॉक्टरांनी ह्यांची चांगली हजेरी घेतली. माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या गल्लीला ठाऊक, पण तिथे मी मुकाट उभी राहिले.

औषध काय, तर भिंत! आधी गरम पाण्याने शेकायचं, मग भिंतीपुढे उभं राहून बोटांनी वर चढत जायचं, सोसवेल तेवढंच, पण दिवसातून तीनदा. मी रोज चुन्याचं बोट लावून खूण करायची. आमचे हे महालबाड. टाचा उचलून कालच्या खुणेच्या वर बोट टेकवायचे आणि माझ्याकडे ऐटीत बघायचे. मी खाली वाकून टाचा बघायची आणि तोंडसुख घ्यायची. पलीकडच्या घरातल्या बायका हसून बेजार व्हायच्या. पण आठ-आठ दिवस खूण तिथल्या तिथेच राहिली, की मी चुलीपुढे बसून रडायची आणि धुराच्या नावाने खडे फोडायची.

असे कितीतरी महिने गेले. एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि मागाचा आवाज आला. पिठाच्या हातानेच धावले. हे खड्ड्यात बसले होते, हात थोडा वाकडाच होता, पण दोरी मुठीत होती. वीतभर कापड विणून झालं, तोवर मी तिथेच उभी. ह्यांनी घाम पुसला तेव्हा इतके दिवस मनात राहिलेलं विचारून टाकलं, की डॉक्टरांपुढे खोटं का बोललात.

हे कापडाकडे बघतच म्हणाले, "तू पट्टी बांधायचीस ना, तेव्हा फार बरं वाटायचं गं. त्याला चूक म्हणवेना मला."

तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली, तिचा वास सगळ्या गल्लीभर गेला, तरी मी तिथून हलले नाही.