समोरच्या टीमची आडनावं

“तो आमच्यातलाच आहे, त्याची काळजी नको,” नवऱ्याकडे बोट दाखवून त्याचे बॉस मागच्या रांगेतल्या एका माणसाला सांगत होते. जर्मनमध्ये, तेही तिकडच्या बोलीत, त्यामुळे मला कळायला जरा वेळ लागला. नवऱ्याला कळलंच नाही. त्याच्या ऑफिसात इंग्रजी चालायचं; जर्मनचे क्लास मी करत होते.

“काय म्हणाले गं?” त्याने हळूच विचारलं.

“ऊन फार आहे म्हणाले.”

“हां, आहे खरं.” तो बॉसकडे बघून उगाच हसला.

ऑगस्टमधली दुपार होती आणि त्याच्या गळ्यात लोकरी मफलर होता. न्युरेम्बर्गच्या, म्हणजे आता आमच्याच गावच्या क्लबचा. तो बॉसनीच त्याला भेट दिलेला. आजूबाजूला सगळ्यांनीच तसले मफलर घातले होते, पण घामाने निथळत होता तो एकटाच. मी त्याच्या एका बाजूला बसले होते, दुसऱ्या बाजूला बॉस. सीझन सुरू व्हायच्या आधीचा मैत्रीचा सामना होता, आणि पाहुणा क्लब इंग्लंडहून आला होता.

हे सगळं कँटीनमध्ये सुरू झालं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बॉसनी त्याला विचारलं, फुटबॉल बघतोस का? हा म्हणाला, हो. कुठला क्लब? हा म्हणाला, अर्थात तुमचाच. खरं तर तो क्रिकेटवाला. फुटबॉलमध्ये किती खेळाडू असतात हे त्याला माहीत होतं, त्यापुढे अंधार. पण बॉस इतके खूश झाले, की नंतर मागे फिरणं त्याला जमेना. दर सोमवारी ते कॉफीचा कप घेऊन त्याच्या टेबलाशी यायचे आणि हा “गेनाऊ, गेनाऊ”, म्हणजे ‘अगदी बरोबर’, करत वेळ मारून न्यायचा.

त्याची प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन, संपायला थोडेच आठवडे उरले होते. ती संपेपर्यंत कंपनी कुणालाही कारण न देता घरी पाठवू शकते, आणि आमचा व्हिसा त्याच नोकरीवर होता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या टीममधला एक जण असाच गेला होता. न केलेली टेस्ट केली म्हणून सांगितलं होतं त्याने. बॉसनी सगळ्यांना बोलावून म्हटलं होतं, चुका करा, त्या मी निस्तरेन. गोष्टी रचून सांगू नका. नवऱ्याने हे मला घरी येऊन सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज खाली गेला. तो मफलर तेव्हा आमच्या दाराच्या मागे लटकत होता.

त्यात ही तिकिटं आली. सपत्नीक या, बॉस म्हणाले.

“अगं, तिथे गोल झाला की लोक नावं ओरडतात म्हणे,” नवरा म्हणाला. “मला एकही येत नाही.”

ते खरंच होतं. इथल्या मैदानांवर तशी पद्धत आहे. गोल झाला की निवेदक माईकवर खेळाडूचं फक्त पहिलं नाव पुकारतो, आणि अख्खं स्टेडियम आडनाव ओरडतं. एकदा नाही, तीनदा. जो ओरडत नाही तो लगेच उठून दिसतो.

मग आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात शिकवणी चालली. मी पोळ्या लाटताना पहिलं नाव म्हणायचे, तो कांदा चिरताना आडनाव ओरडायचा. पाठांतर त्याचं पहिल्यापासून चांगलं. दोन दिवसांत मी पहिलं नाव अर्धं उच्चारलं की त्याच्या तोंडून आडनाव सुटायला लागलं. गावचा क्लब संपल्यावर मी म्हटलं, “समोरच्यांची पण करून घे. कुणी विचारलं तर?”

“ती कशाला?”

“असू देत.”

त्यांची नावं म्हणताना मी हातात मोबाईल धरला होता. स्क्रीन कधीच काळी झाली होती. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

तो इंग्लिश क्लब माझा होता. मोठा नाही, बक्षिसं जिंकणाऱ्यांपैकी तर नाहीच. पुण्यात शाळेत असताना दादा त्यांचे सामने बघायचा, म्हणून मीही बघायला लागले. दादाचं नंतर सुटलं, माझं नाही सुटलं. एकदा त्याच्या मित्रांसमोर मी बोलून गेले, की हा गोल ऑफसाइड होता. “अरे वा! सांग बघू ऑफसाइड म्हणजे काय?” एकाने विचारलं. मी नीट सांगितलं. “पढवलंय भावाने,” दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले, दादासुद्धा. त्यानंतर मी कुणासमोर कधी बोलले नाही. लग्न ठरताना आवडीनिवडी विचारल्या तेव्हा मी ‘वाचन’ म्हणाले. शनिवारी दुपारी हेडफोन लावून लॅपटॉपवर बसायचे, तेव्हा नवऱ्याला वाटायचं मी जर्मन ऐकण्याचा सराव करते. तो दार हलकेच ओढून घ्यायचा. तो विचारता तर कदाचित सांगितलं असतं. पण इतके महिने न सांगितलेली गोष्ट अचानक सांगायला काही निमित्त लागतं.

आणि आता ते माझ्यासमोर होते, खरेखुरे. टीव्हीवर सगळे सारखेच उंच दिसतात. इथे कळलं, की आमचा लेफ्ट बॅक माझ्या नवऱ्याहून बुटका आहे. कॅप्टनचा आवाज आमच्या रांगेपर्यंत येत होता, घसा बसलेला, सतत कुणाला तरी मागे बोलावणारा. मधल्या फळीतला माझा आवडता खेळाडू गुडघ्याच्या दुखण्यातून उठून पहिल्यांदाच खेळत होता. वळताना तो उजव्या पायावर भार देणं टाळत होता, ते मला दिसत होतं आणि बघवत नव्हतं. मी हात मांडीखाली दाबून ठेवले. त्याच्याकडे बॉल आला की माझा पाय आपोआप पुढे जायचा. तो मी सीटखाली ओढून घ्यायचे. बॉसनी वाकून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी वर आकाशाकडे बघितलं.

“हिला कळत नाही यातलं काही,” नवरा त्यांना इंग्रजीत म्हणाला. “माझ्यासाठी आली.”

“सुखी आहात,” बॉस मला म्हणाले. “न कळणाऱ्यांची पचनशक्ती चांगली राहते.”

पहिला गोल गावच्या क्लबने केला. सगळे उभे राहिले. निवेदकाने पहिलं नाव पुकारलं आणि माझा नवरा आडनाव ओरडला, तिन्ही वेळा, बरोबर. बॉसनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढच्या माणसावर पडता पडता वाचला. खाली बसताना त्याने माझा हात दाबला. “झालं एकदाचं,” तो पुटपुटला.

मलाही वाटलं, झालं.

मग हाफटाइमनंतर माझ्या आवडत्या खेळाडूला बॉल मिळाला. डावीकडून आलेला, जरा मागे पडलेला. तो वळला, त्याच दुखऱ्या पायावर वळला, आणि बॉल जाळ्यात गेला. मी श्वास आत घेतला तो बाहेर सोडलाच नाही. पलीकडच्या कोपऱ्यात इंग्लंडहून आलेले मूठभर लोक नाचत होते. आमच्या बाजूला एकदम शांतता. पाहुण्यांच्या गोलाला कुणी ओरडत नाही. निवेदक सपाट आवाजात वाचतो आणि मोकळा होतो. हे मी नवऱ्याला सांगायला विसरले होते.

निवेदकाने पहिलं नाव वाचलं, आणि आडनावाआधी तो क्षणभर थांबला.

नवरा आडनाव ओरडला. एकटाच, पूर्ण ताकदीने, स्वयंपाकघरात ओरडायचा तसं.

रांगेतली सगळी डोकी वळली. मागचा माणूस काहीतरी बोलला, त्यावर कुणीतरी हसलं. बॉस हसले नाहीत. त्यांनी आधी नवऱ्याच्या गळ्यातल्या मफलरकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

“तू त्यांचा आहेस?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“नाही, नाही. म्हणजे, मी दोन्हींचा अभ्यास... ॲक्चुअली, मी लहानपणापासून...”

त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मला कळलं, हा आता आणखी एक गोष्ट रचणार. ती पहिलीपेक्षा मोठी असणार, आणि बॉसना ती वाक्य संपायच्या आत कळणार. बॉस वाट बघत होते. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मदत मागायला नाही. मी तिथे बसले आहे याचीच त्याला लाज वाटत असावी.

क्लासमध्ये मला बोलायला सांगितलं की मी आधी वाक्य मनात जुळवून घ्यायचे, दोनदा तपासायचे. तेवढा वेळ आता नव्हता. मी त्याच्या पुढून वाकून बॉसकडे बघत जर्मनमध्ये म्हणाले,

“तो कुणाचाच नाही. त्याला फुटबॉल येत नाही. तुम्हाला आवडावं म्हणून तो हो म्हणाला. नावं मी शिकवली, दोन्ही टीमची. त्यांची मी आहे, शाळेत होते तेव्हापासून. आणि आत्ताचा गोल फार सुंदर होता.”