हालस्टाटची होडी आणि आई

रोह्याच्या कंपनीत मी प्रयोगशाळेत काम करते. आमच्या फ्रिजशेजारी एक परदेशी कॅलेंडर कित्येक वर्षं लटकलेलं होतं. साल उलटून गेलं तरी ते काढावं असं कुणालाच वाटलं नाही, कारण त्याच्या मे महिन्याच्या पानावर हिरवंनिळं तळं होतं, त्यामागे बर्फाचा डोंगर आणि काठावर लाकडी घरं, खाली छापलेलं: हालस्टाट, ऑस्ट्रिया. बाहेर आपला मे रटरटत असायचा आणि मी शिफ्ट संपवताना त्या पानाकडे बघत हात धुवायचे. जायचं तर इथेच, हे तेव्हापासून ठरलेलं.

यंदा जमलं. ऑस्ट्रियाचा व्हिसा आला, विमानाची तिकिटं काढली, आणि सोबत येणाऱ्या मैत्रिणीच्या घरी नेमकं लग्न ठरलं. नवऱ्याला रजा नव्हती. मी खांबला माहेरी जाऊन रडगाणं गात बसले होते. आई वाल निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी येते तुझ्यासंगती."

बाबा हसले. आई जेजुरी-तुळजापूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. पण आईचा पासपोर्ट भावाने हौसेने काढून ठेवलेला होता. व्हिसाची धावपळ पुन्हा केली आणि तोही मिळाला. निघताना बाबांची अट एकच: "पेरणीच्या आत परत या."

रोह्याहून पनवेलला जाणारी सकाळची गाडी धरली. कासू गेलं, पेण आलं. पेण स्टेशनात आईने डोंगराच्या बाजूची खिडकी मागून घेतली आणि गाडी पुढे जाईपर्यंत बाहेर बघत राहिली. माझ्या माहितीत आईचं माहेरही खांबच, गावातलंच तिच्या मामाचं घर. त्याआधी ती लहानपणी पेणजवळच्या खाडीकाठी राहायची, तिचे वडील मिठागरात कामाला होते आणि लवकर गेले, एवढंच ठाऊक होतं. ती त्यावर बोलायची नाही आणि आम्हीही विचारायचो नाही.

आम्ही मुक्काम साल्झबुर्गला ठेवला. जाणार असाल तर हेच करा: हॉटेल बदलत बसण्यापेक्षा एका जागी राहून बस आणि रेल्वेने तळी फिरता येतात. दिवसभराचा पास सुट्या तिकिटांपेक्षा परवडतो. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच दूध-ब्रेड आणून ठेवा. नळाचं पाणी खुशाल प्या. आणि कोटाच्या खिशात नाणी असू द्या, कारण सार्वजनिक बाथरूमच्या दारात तीच लागतात. आमच्याकडे तांदळाच्या पिठाची पिशवी आणि आईने तीन पिशव्यांत गुंडाळलेली सुक्या जवळ्याची चटणी होती. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती ते बरं झालं. चटणीची पिशवी उघडल्यावर मात्र खिडक्याही उघडाव्या लागल्या.

पहिल्या दिवशी बसने वोल्फगांग तळ्याकडे. शहर संपलं की रस्ता चढायला लागतो आणि गवताच्या टेकड्यांमधून आधी एक छोटं तळं डोकावतं, मग मोठं. वळणावर ते अचानक समोर आलं तेव्हा बसमधली बोलणी थांबली. आई म्हणाली, "एवढं निळं कशाला पायजे?" तक्रारीच्या सुरात म्हणाली, पण मान वळवून मागे पडेपर्यंत बघत होती.

सांक्ट गिल्गेनला उतरलो. तिथून समोरच्या गावाला जायला बोट असते, आणि त्या समोरच्या गावातून डोंगरावर जाणारी दातेरी रुळांची आगगाडी सुटते. मी बोटीच्या रांगेकडे निघाले तर आई म्हणाली आज बोट नको, बसनं जाऊ. प्रवासाचा शीण असेल म्हणून आम्ही बसने वळसा घालून गेलो. आगगाडीने वर पोचल्यावर खाली किती तळी दिसतात! आई कुंपणाला धरून उभी राहिली. गार वारा होता, नऊवारीवर माझं जाकीट आणि डोक्याला मफलर. "आपल्याकडं आवणीच्या वक्ताला खाचरं भरली का वरनं असंच दिसत असंल," ती म्हणाली. मग मला दिसली ती भातलावणीला पाण्याने भरलेली आमची खाचरंच.

खाली काठावर धुरावलेला मासा मिळतो, पावाबरोबर. आईने काटा काढून एक घास खाल्ला. "मीठ बरोबर हाय," असा दाखला दिला आणि उरलेला सगळा संपवला.

तिसऱ्या दिवशी हालस्टाट. बसने बाड इश्लपर्यंत आणि तिथून रेल्वे. डब्याच्या उजवीकडे बसा. रूळ तळ्याच्या अगदी काठाने जातात, पाणी काळसर, डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. पलीकडच्या काठावर एकावर एक रचल्यासारखी घरं आणि चर्चचा टोकदार मनोरा. ते माझं कॅलेंडरच होतं! मी लहान पोरीसारखी आईचा दंड हलवत होते.

एक गोष्ट मी नीट वाचली नव्हती. स्टेशन या काठाला आहे आणि गाव त्या काठाला. गाडीतून उतरलेला प्रत्येक माणूस पायवाटेने खाली जातो आणि वाट बघत थांबलेल्या बोटीत बसतो.

आम्ही धक्क्यापर्यंत गेलो. आई तिथे थांबली.

"चल ना गं, सुटेल."

"मी नाय येत. तू जा."

"अगं, दहा मिनिटांचं पाणी आहे."

"नाय म्हटलं ना गो तुला."

लाल जाकीट घातलेला, पिकल्या मिश्यांचा बोटवाला दोर हातात धरून आमच्याकडे बघत होता. त्याने हाताने विचारलं, येताय का? मी मान हलवली. त्याने दोर सोडला आणि बोट निघाली. आईने बोटीकडे पाठ केली.

आम्ही वर स्टेशनच्या बाकावर येऊन बसलो. दुसरं कुणीच नव्हतं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांचं स्वप्न पलीकडे दिसत होतं आणि मी इकडे बाकावर. मी म्हणाले, "पाण्याला घाबरतेस हे आधी सांगायचं."

"पाण्याला कोण घाबरतंय? खाडीत पवायला शिकले मी."

मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती आपणहून बोलायला लागली.

तिचे वडील, आबा, मिठागरात काम करायचे. मिठाच्या राशी तयार झाल्या की त्या मचव्यात, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीत, भरून मुंबईला जायच्या, आणि आबा खलाशी म्हणून त्या मचव्यावर चढायचे. भरती-ओहोटी आणि वारा बघून जायचं, परत यायला किती दिवस लागतील ते कुणी सांगू शकायचं नाही. मचवा आला अशी हाळी झाली की आई बंदरावर पळायची. मचवा कुणाचा ते लांबून कळायचं नाही, म्हणून उभी राहून उतरणारा एकेक माणूस बघायचा. आबा उतरले की तिला खांद्यावर घेऊन घरी जायचे.

"त्या टायमाला वारा सुटला. पावसाच्या तोंडावरचा. बाकीच्यांचे मचवे आले. मी रोज जायची, उतरणारी माणसं बघायची. सगळी उतरायची आन् मचवा मोकळा व्हायचा. आबा गेला, असं कोणी मला सांगितलंच नाय गो. एक दिवस घरी आले तर आईच्या हातात बांगड्या नव्हत्या. तवा समजलं."

त्यानंतर मामा येऊन मायलेकींना खांबला घेऊन गेला. खाडी संपली, भातशेती सुरू झाली.

"मला व्होडी सुटताना बघवत नाय," आई म्हणाली. "बाकी काय नाय."

मी पिशवीतून भाकरी काढली, दोघींनी अर्धी-अर्धी खाल्ली. माझा राग कुठे गेला ते कळलंही नाही.

सुदैवाने दुसरी वाट आहे, आणि ती सांगून ठेवते. याच रेल्वेने पुढच्या ओबरट्राउन स्टेशनला उतरायचं, तिथून बस तळ्याला वळसा घालून हालस्टाटला नेते. पुढच्या गाडीने आम्ही तसं केलं.

गाव फोटोत दिसतं तसंच आहे, माणसं मात्र फोटोपेक्षा पुष्कळ. गर्दी सोडून आम्ही मिठाच्या खाणीकडे गेलो. व्हय, मीठ! त्या डोंगराच्या पोटात मीठ आहे आणि हजारो वर्षं माणसं ते काढतायत. वर न्यायला तिरकी रेल्वे आहे. आत जाताना जाडा अंगरखा-विजार चढवावी लागते. आईने नऊवारी त्यात कशी कोंबली ते तिलाच ठाऊक. खाणीत एका पातळीवरून खालच्या पातळीवर उतरायला लाकडी घसरगुंडी आहे. बाजूला जिनाही आहे, मी तिकडे बोट दाखवलं, तोवर आई बसून सटकली होती. खाली पोचल्यावर तिचं हसू थांबेना. मीही तिच्यामागे किंचाळत उतरले.

पुढे भिंतीत गुलाबी मिठाचा पट्टा होता. खाण दाखवणाऱ्या मुलीने आईच्या हातात एक खडा दिला. आईने जिभेला लावला आणि डोळे मिटले.

"कसं आहे?"

"मीठच हाय," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "आबाच्या खांद्याला असंच लागायचं."

दुपारी तळ्याकाठी बाकावर जेवलो. समोरच बोटीचा धक्का. मी मुद्दाम दुसरीकडे बसू म्हणाले, आईनेच ती जागा धरली. लाल जाकीटवाला बोट घेऊन जात होता, पलीकडची गाडी आली की माणसं घेऊन परत येत होता. आधी बोट सुटली की आई डब्यात बघायची. मग एकदा तिने मान वर ठेवली.

"तोच माणूस हाय का गो?"

"हो, मघापासून तोच आहे."

"मंग संध्याकाळी घरी जाईल तो."

"जाईल की."

आईने बोटं पुसली, डबा बंद केला, पदर खोचला. "चल. याच्याच व्होडीनं जाऊ."

खरंच येतेस का, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ती थांबली असती.

बोटवाल्याने तिला ओळखलं. त्याने हात पुढे केला, आईने तो घट्ट धरला आणि पाय आत टाकला. ती मधल्या बाकावर पिशवी पोटाशी धरून बसली. दोर सुटला तेव्हा तिचे ओठ हलत होते, पण काय म्हणाली ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. गाव मागे जायला लागलं. डोंगराची सावली संपून उन्हात आलो, तशी ती उठून कठड्यापाशी गेली. मी मागे उभी राहिले.

पलीकडे बोट लागली. लोक बॅगा उचलून उतरायला लागले. आई हलली नाही. एकेका माणसाकडे बघत होती: म्हातारं जोडपं, सायकलवाला, छत्री घेतलेली बाई. शेवटचा माणूस उतरला. बोटवाला आमच्याकडे बघत होता.

"सगळे उतरले?" आईने विचारलं.

"आपण दोघी राहिलोय."

"मंग उतरू," ती म्हणाली. आणि उतरली.

त्यानंतर आम्ही गोसाऊचं तळं पाहिलं, बर्फाचा डोंगर त्यात उलटा दिसतो. फुशलचंही पाहिलं. होडी दिसेल तिथे आई आधी तिकिटाच्या खिडकीकडे वळायची. कोणतं तळं सगळ्यात सुंदर, असं कंपनीत सगळे विचारतात. देखाव्यासाठी गोसाऊला जा, निवांत बसायला फुशलला. हालस्टाटला सकाळी लवकर जा आणि होडीने जा.

पेरणीच्या आत परत आलो. रोह्यात उतरल्यावर घामाची धार लागली, आई म्हणाली, "हां, आता बरं वाटलं." मला वाटलं होतं माझ्याकडे तळी उरतील. तळ्यांचे फोटो आहेत, अधूनमधून बघते. पण घरात उरले ते आबा. कामात असताना आई मध्येच त्यांच्याबद्दल काहीतरी सांगून जाते. ते शीळ कशी घालायचे, मुंबईहून येताना तिच्यासाठी बत्तासे कसे आणायचे.

गेल्या आठवड्यात खांबला गेले होते. आई भाकऱ्या थापत होती. बाबा ओट्यावर बसलेले. त्यांनी एवढ्या संसारात पहिल्यांदा विचारलं, "दिसायचा कसा गो तुझा बापूस?"

घरात आबांचा फोटो नाही, कुठेच नाही. आईचा पिठाचा हात थांबला. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं.

"हिच्यासारखा," ती म्हणाली. "कपाळ तर हेच."

मी नकळत कपाळावर हात फिरवला.