स्वामींचा युक्तिवाद

स्वामी वाद घालायला बसले की आधी माझी बाजू मांडायचे, आणि तीही माझ्यापेक्षा चांगली. मी कॉलेजात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवत असे. ते आमच्या भोपाळच्या टाउनशिपमधल्या कारखान्यात बॅलन्सिंग, म्हणजे फिरत्या यंत्रांचा तोल साधणाऱ्या, विभागाचे प्रमुख. मूळचे तंजावरकडचे. कारखान्यात सगळे त्यांना स्वामी म्हणत, म्हणून आम्हीही. माझे यजमानही त्याच कारखान्यात, त्यामुळे आमची क्वार्टर्स समोरासमोर होती आणि रविवारची सकाळ त्यांच्या व्हरांड्यात, फिल्टर कॉफी आणि अंतिम सत्य यांच्यात जायची.

मी म्हणत असे, आमचा जर्मन तत्त्वज्ञ निदान प्रामाणिक आहे. मूळ वस्तू बुद्धीच्या हाती लागत नाही, हे तो कबूल करतो. स्वामी मान डोलवायचे. "एकदम ईमानदार माणूस, प्रोफेसरबाई. पण तो दारात बसून दाराचीच चर्चा करतो. आमचे तमिळ सिद्ध आत जाऊन जेवून पण आले." मग ते या जुन्या संतकवींचं, सिद्धांचं, एखादं पद गायचे. आवाज बेताचाच, सूर मात्र पक्का. अर्थ बहुधा एकच निघायचा : शोधणारा विरघळला की शोधायचं काही बाकी राहत नाही.

एकदा कारखाना घरच्यांना दाखवायचा दिवस होता. स्वामींनी मला भरधाव फिरणाऱ्या रोटरपाशी नेलं आणि तो ज्यावर टेकलेला असतो त्या बेअरिंगच्या खोक्यावर रुपयाचं नाणं कडेवर उभं केलं. ते जराही हललं नाही. "मशीन बॅलन्स झालं की नाही, हे आम्ही असं बघतो. तुमचा जर्मन विचारेल, नाणं खरंच स्थिर आहे, की आपल्याला तसं दिसतं? सवाल अच्छा आहे. आमचा सिद्ध म्हणेल, तू नाणं हो."

मीही काही ऐकून घेणारी नव्हते. "गाणं म्हणजे पुरावा नव्हे, स्वामी. चाल काढून घेतली तर तुमच्या कवींकडे काय उरतं?"

"युक्तिवाद काढून घेतला तर तुमच्याकडे काय उरतं, तेही बघू," ते म्हणाले आणि विजयी झाल्यासारखं एक बोट वर केलं. ही त्यांची नेहमीची खूण.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना त्यांना पक्षाघात झाला. हात सावरला, वाचा गेली. मी बिट्टन मार्केटातून फळं घेऊन भेटायला गेले, तर ते कॉफी मागायला धडपडत होते आणि "ते... ते..." याच्या पुढे जात नव्हते. मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघराकडे वळता वळता म्हणाल्या, "इनको सब समझता है. पर मेरा नाम भी नहीं निकलता." असा बोलका माणूस.

काय करावं सुचेना, म्हणून त्यांनीच शिकवलेलं एक पद मी म्हणू लागले. तमिळ मोडकं, सूर त्याहून. स्वामींच्या कपाळाला आठी पडली. बेसूर त्यांना कधीच सहन झालं नाही. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि ते पद पहिल्यापासून गायला घेतलं. एकही शब्द अडखळला नाही. मामी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

गाणं मेंदूतून वेगळ्या वाटेनं येतं म्हणून ते शाबूत राहतं, असं डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. असेलही. पण त्या दिवशी पद संपल्यावर स्वामींनी काही बोलायला तोंड उघडलं, शब्द आला नाही, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघत ते एक बोट वर केलं.

"मान्य," मी म्हटलं.