दुधाच्या टाकीतली नीरा

खजुराच्या झाडाची नीरा काढायची आणि ती दुधाच्या जुन्या टाकीत गार ठेवायची, ही कल्पना माझ्या नवऱ्याची नव्हती. त्याच्या अरबाबची होती. अरबाब म्हणजे मालक. इथे शारजात सगळे तसंच म्हणतात. हे गृहस्थ कॅनडाला फिरायला गेले आणि तिथे मेपल नावाच्या झाडाचा रस आटवून पाक करतात ते बघून आले. आटवेपर्यंत रस नासू नये म्हणून तिथले शेतकरी तो डेअरीतल्या सेकंडहँड टाक्यांमध्ये ठेवतात म्हणे. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला आणि नवऱ्याला म्हणाले, "हबीबी, अपने पास खजूर है, तुम हो. यल्ला, शुरू करो."

नवरा कोल्ड स्टोरेजचा इंजिनीअर. त्याला कुणी 'तुम हो' म्हटलं की तो हवेत चालायला लागतो. बंद पडलेल्या एका डेअरीतून त्याने टाकी मिळवली. स्टीलची, दुहेरी भिंतींची, वर झाकण, आत ढवळणारं पातं, खाली नळ, बाजूला गार करणारा कॉम्प्रेसर. आपल्याकडे गावच्या दूध डेअरीत असते तशीच. धैद गावाच्या बाजूला अरबाबचा मळा आहे, तिथे ती बसवली. मळ्यातली काही जुनी नर झाडं काढून टाकायचीच होती, त्यांची नीरा घ्यायचं ठरलं. काढणारा गडी डहाणूचा, म्हणजे माझ्या माहेरचाच निघाला. नीरा आंबू नये म्हणून तो मडक्याला आतून चुना लावायचा. नवऱ्याने ते बंद करायला लावलं. "चुन्याची टेस्ट येते. माझी टाकी आहे ना!" त्या दिवसांत 'माझी टाकी' ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

खंडेनवमीला सकाळी आम्ही मळ्यात गेलो. ताजी नीरा नुकतीच टाकीत ओतली होती. नवऱ्याने टाकी पुसली, हळदकुंकू वाहिलं, रोल्लाच्या बाजारातून आणलेला झेंडूचा हार कॉम्प्रेसरला घातला, नमस्कार केला आणि मेन स्विच बंद केला. त्याच्या वडिलांचं इचलकरंजीला वर्कशॉप होतं. तिथे खंडेनवमीची पूजा झाली की लेथ दसऱ्यापर्यंत बंद.

मी म्हटलं, "अरे, आत नीरा आहे!"

"इन्सुलेटेड टँक आहे गं. थर्मास समज. उद्या सकाळी येऊन ऑन करतो. वर्षातून एक दिवस मशीनला रेस्ट नको?"

इंजिनीअरच असं सांगतोय म्हटल्यावर मी काय बोलणार? थर्मास गार गोष्ट गार ठेवतो तशी कोमट गोष्ट कोमटच ठेवतो, आणि ती नीरा अजून गार झालीच नव्हती, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही.

दसऱ्याला अरबाब त्यांच्या आईला नीरा पाजायला आणणार होते. नवरा सकाळीच पुढे गेला. दुपारी मला अरबाबच्या गाडीतून आजींबरोबर बसवून नेलं. म्हातारी मोठी गोड होती. तिच्या लहानपणी घरी मुंबईचे व्यापारी यायचे, त्यामुळे तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. वाटभर माळ ओढत होती. मध्येच तिला खोकला आला. मी पर्समधून औषधाची बाटली काढली, तर तिने ती आधी पुढे बसलेल्या मुलाला, म्हणजे अरबाबना, वाचायला दिली. आत अल्कोहोल नाही ना, याची खात्री करून घेतली आणि मगच चमचाभर घेतलं. "सारी उमर ऐसे ही, बेटी," ती हसून म्हणाली.

मळ्यात सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. नवऱ्याने स्वतः नळ सोडून काचेचे पेले भरले. पहिला आजींना दिला, दुसरा मला. पेल्याला बाहेरून दव सुटलं होतं, इतकी ती गार होती. आजींनी "बिस्मिल्ला" म्हटलं. मी तेवढ्यात एक घोट घेतला.

जिभेवर चुरचुरलं. मी डहाणूची आहे. ताडी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आजींचा पेला ओठांशी पोचला होता. मी उठले आणि तो सरळ त्यांच्या हातातून काढून घेतला. ओढलाच म्हणा ना. त्यांच्या काळ्या अबायावर अर्धा सांडला.

मालकाच्या आईच्या हातातला पेला एका नोकराच्या बायकोने हिसकावला होता! अरबाब उठून उभे राहिले. तरी मी बोलले, "मत पीजिए अम्मा. ये खराब हो गया. दारू बन गया."

"सर, नो, नो," नवरा घाईने म्हणाला. "थोडा झाग है बस. फ्रेश है."

ज्या शारजात दारूचं एक दुकान नाही, तिथे मालकाच्याच मळ्यात आम्ही टाकीभर करून ठेवली होती. नोकरी, व्हिसा, मुलीची बारावी, सगळं त्या एका शब्दावर होतं आणि तो शब्द मीच उच्चारला होता. अरबाबनी पेला नाकाशी नेला, खाली ठेवला आणि स्वतः जाऊन टाकीचा नळ पूर्ण सोडला. नीरा वाळूत जिरत गेली. आता तर पांढरा फेसही उघड दिसत होता.

"खलास," ते म्हणाले. मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गलती मशीन का है. तुम्हारे घर में सच बोलते हैं, मेरे को बस है." आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला रडूच फुटलं.

परतताना अल नहदाच्या ट्रॅफिकमध्ये आमची गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. वाचलो, या आनंदात मी नवऱ्याला चिडवलं, "काय हो टाकीवाले, नाक गहाण ठेवलं होतं का? वास नाही आला?"

"आला ना," तो म्हणाला. "सकाळीच आला. वरचा फेस काढून टाकला आणि फुल चिल केली. चिल्ड असली की वास मरतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आणि आजी?"

"अगं, त्यांनी लाइफमध्ये कधी घेतलीय? त्यांना काय कळणार होतं? एक ग्लास पिऊन गेल्या असत्या, फिनिश. मी घाबरलो होतो गं. सगळं गेलं असतं आपलं."

घाबरला होता हे खरंच होतं. पण माझ्या अंगावर काटा आला. चमचाभर औषध वाचून घेणारी ती बाई आणि तिच्या हातात जाणूनबुजून पेला देणारा हा माणूस! मग एकदम दुसराच प्रश्न सुचला.

"त्यांना नसतं कळलं. मला तर कळणारच होतं. मी डहाणूची, हे तुला माहीत आहे. तरी दुसरा पेला मलाच दिलास?"

तो समोर बघत म्हणाला, "तू गप्प बसशील असं वाटलं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि हा माणूस मला असं ओळखत होता.