माशांची कात्रणं

पत्नी गेल्यावर लातूरचं घर बंद करून मी नांदेडला लेकीकडे कायमचा निघालो होतो. पायाशी पिशवीत पत्नीचा भाकरीचा तवा होता. आपली चूल मोडली, एवढंच मनात घोळत होतं.

एसटीत शेजारी बसलेली मुलगी मांडीवरच्या पुठ्ठ्यावर कागदाची बारीक कात्रणं जुळवत होती. बोट जिभेला लावायची, तुकडा उचलायची आणि त्याच्या जोडीदाराशेजारी ठेवायची.

"काका, खिडकी लावा की. माझे मासे उडून राहिले."

प्रवाळात राहणाऱ्या माशांच्या दोन भाऊबंद जातींच्या गुणसूत्रांची ती चित्रं आहेत, असं तिने सांगितलं. एका माशाच्या ओळीत तुकडे कमी होते.

"याचे काही हरवले का?" मी विचारलं.

"न्हाई काका. लई पिढ्यांमागं दोन आखूड जोडून एक लांब झालं. मोजले तर कमी भरतात, पण आतलं बहुतेक सगळं हाय तसंच हाय."

मग लोह्याला उतरेपर्यंत ती पुन्हा कात्रणांत गढून राहिली.

नांदेडला पोहोचल्यावर लेकीने पिशवी उघडून विचारलं, "बाबा, तवा कशाला आणला? आपल्याकडं हाय की."

"असू दे," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी तिच्या शेगडीवर, तिच्या आईच्या तव्यावर, भाकरी टम्म फुगली.